पोरीची अर्धी फी आणि आमच्या घरचा होकार

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सात्या निवडणं.

ढग गडगडून दोन दिवस झाले की आमच्या जंगलात वारुळांच्या कडेनं सात्या, म्हणजे रानातली अळंबी, उगवतात. पांढऱ्या, लांब देठाच्या, डोक्यावर टोपी. बाकीच्या बायांना सापडतात त्याच्या दुप्पट आमच्या बुडीला, माझ्या बायकोला, सापडायच्या. कुठून आणते ते ती कोणाला सांगत नव्हती, मलाही नाही. त्या दिवशी ती सकाळीच गेली आणि दहाच्या चहाला दुरडी भरून परत आली. आम्ही ओसरीवर बसलो. मी चाकूनं देठाची माती खरवडायची, तिनं पाण्यातून काढून ठेवायच्या. लग्न झालं तेव्हापासून हे असंच. त्यात सांगण्यासारखं काही नसतं.

पण त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं की ती दोन ढीग करून राहिली आहे. एका पळसाच्या पानावर न उमललेल्या कळ्या, दुसऱ्यावर फुललेल्या आणि तुटक्या. सात्यांची गोडी कळीत असते, हे आमच्याकडे लहान लेकरूही जाणतं.

"कळ्या कोणाले?" मी विचारलं.

"शेजारच्या पोट्टीले. कॉलेजात गेली तं तिथी कोण देते तिले सात्या?"

"अन् मी?"

"तुमी फुललेल्या खा. दात कुठी आहेत तुमाले? कळी काय अन् फूल काय, गिळाचंच हाय."

ती हसली. मी हसलो नाही.

"तुले त्या पोट्टीबिगर काई दिसतच नाई," मी म्हणालो. "सख्खी नात हाय आपली. तिले कधी पाठवल्या का सात्या?"

"सख्खीले पेटी उचलून घरी कोणं आणलं जी?"

मी चाकू घेऊन पुढचं देठ खरवडायला लागलो. मग पळसाच्या पानाची पुडी बांधत म्हणाली, "परवा ग्रामसभा हाय. पोट्टीच्या फीचा इषय निघन. आपल्या घराकडून मीच जातो. तुमी नका येऊ. तुमी आले का कारलं खाल्ल्यावानी तोंड करून बसता."

पुडी घेऊन ती शेजारी गेली आणि उशिरा आली. तिथं गेली की ती उशिराच यायची. मला भाजी-भात वाढला, स्वतः दोन घास खाल्ले आणि छाती भरून आल्यासारखी वाटते म्हणत चटईवर आडवी झाली. दुपारी चारला मी चहासाठी हाक मारली. दोन हाका मारल्या. तिसरी मारली नाही, उठून जवळ गेलो.

म्हणजे जाताना तिनं माझं ऐकलेलं शेवटचं धड वाक्य ते होतं, की तुला त्या पोरीशिवाय काही दिसत नाही. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आता लिहून टाकतो.

त्या पोरीबद्दल आधी सांगायला पाहिजे. ती शेजारणीची एकुलती एक. बाप ती लहान असतानाच गेला. शेजारीण दुसऱ्याच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, रोवणा करते, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडते. माणूस म्हणून वाईट नाही. माझी नात आणि ही पोरगी एकाच वयाच्या. मुलगा-सून चंद्रपूरला, खाणीत ठेकेदाराकडं काम, राहायला एक खोली, म्हणून नात आमच्याजवळ वाढली. दोघी पोरी एका सायकलवर शाळेत जायच्या, एका डब्यात जेवायच्या. बारावीत माझ्या नातीला त्या पोरीपेक्षा जास्त मार्क होते. ही गोष्ट मी अजून विसरलो नाही. गाव विसरलं.

आमच्या गावाला जंगलाचा हक्क मिळाला त्याला आता बरीच वर्षं झाली. तेंदूपत्ता आणि बांबू गावच विकतं. त्यातला काही पैसा गावाच्या खात्यात राहतो, आणि बारावीच्या पुढे शिकणाऱ्या लेकराला त्यातून फीची मदत मिळते. सरकारची शिष्यवृत्ती वेगळी, ही गावाची. पण गावाचा पैसा असा सहज हलत नाही. सभेत प्रत्येक घराचं नाव पुकारतात आणि प्रत्येक घराला 'हाव' म्हणावं लागतं. एक घर जरी गप्प राहिलं तरी तो विषय पुढच्या महिन्याच्या सभेत जातो. हा नियम आम्हीच केला. करताना मीही हात वर केला होता. तेव्हा वाटलं होतं, किती चांगला नियम आहे.

दोघी पोरींना त्या वर्षी गावानं एकाच सभेत फी दिली. दोघी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेल्या, वसतिगृहात एकाच खोलीत राहिल्या. दिवाळीनंतर नातीचा फोन आला. रडत होती. "आबाजी, मन नाई लागत इथी. इंग्रजीतून शिकवतात, काईच समजत नाई."

बुडी बाजूला उभी होती. म्हणाली, "तिले म्हणा संक्रांतीपर्यंत थांब. सगळ्यायलेच असं होते."

मी फोनमध्ये म्हणालो, "ये घरी. कोणाच्या बापाले भेतं?" आणि दुसऱ्या दिवशी जीपमध्ये बसून गेलो आणि तिची पेटी उचलून आणली. वसतिगृहाच्या दारात ती शेजारची पोरगी उभी होती. तिनं माझ्या नातीचा हात धरला होता. मी तो सोडवला. "तू राहा इथी, तुले शोभते," असं काहीतरी बोललो. तिलाही काही समजत नव्हतं, तीही रडायची, हे मला फार नंतर कळलं. पण तिला घरी आणायला आजा नव्हता, म्हणून ती राहिली.

नात आता चंद्रपूरला साड्यांच्या दुकानात आहे. म्हणते बरं आहे, पंखा आहे, बसायला मिळतं. खरंच बरी आहे ती. त्रास तिला नाही, मला आहे.

पेटी आणल्यानंतरच्या सभेत बुडी उभी राहिली आणि सगळ्या गावापुढे म्हणाली, "आमच्या घरानं गावाचा पैसा वाया घालवला. चुकलं आमचं." मी मागं बसलो होतो. मला वाटलं, हिला काय गरज होती. कोणी विचारलं होतं?

मग बुडी गेली त्या वर्षीच्या उन्हाळ्यात शेजारीण धावत आली. पोरगी वर्गात पहिली आली होती. कॉलेजनं सांगितलं, पहिली आली म्हणून पुढच्या वर्षाची अर्धी फी माफ. पण उरलेली अर्धी ठरलेल्या तारखेच्या आत भरली तरच. नाही भरली तर माफीही गेली आणि नावही कटलं. सरकारच्या शिष्यवृत्तीचं तिचं घोडं अडलेलं होतं. जातीच्या कागदासाठी आज्याचा शाळेचा जुना दाखला पाहिजे म्हणत होते, आणि तिचा आजा शाळेत गेलाच नव्हता. माझ्याबरोबर ढोरं चारायचा. माझी शाळा चौथीत सुटली, मग शाळेच्या वेळेला आम्ही दोघं तलावात डुंबत होतो.

म्हणजे तिची उरलेली अर्धी फी गावावर होती.

शेजारीण पेढे म्हणून गुळाचे खडे वाटत होती. मी खडा तोंडात टाकला तो मला कडू लागला. खोटं कशाला सांगू? मला वाटलं, ही माफी आमच्या नातीची होती. तिचे मार्क जास्त होते. ती राहिली असती तर ही पहिली आली नसती. आणि ती का राहिली नाही, हे मला माहीत असल्यामुळे जास्तच जळफळाट होत होता. स्वतःवर जळता येत नाही, म्हणून माणूस शेजारी शोधतो.

पण फीचं जळणं वेगळं. त्याच्याखाली आणखी एक होतं आणि ते मोठं होतं.

नात चंद्रपूरला गेल्यानंतर बुडी त्या पोरीची झाली. पोरगी शनिवारी जीपनं यायची. आपल्या आईच्या घरात पिशवी टाकायची आणि सरळ आमच्या ओसरीवर. तिला कॉलेजसाठी झाडाझुडपांची पानं, फुलं वाळवून वहीत चिकटवायची असायची. बुडी तिला घेऊन जंगलात जायची. बुडी सातवी शिकलेली, माझ्यापेक्षा तीन इयत्ता जास्त, हेही तिनं आयुष्यभर ऐकवलं. तिला झाडांची नावं, कोणती मुळी कशाला, कोणत्या पानावर कोणता किडा, सगळं पाठ. पोरगी कॉलेजातलं नाव सांगायची, बुडी गावचं नाव सांगायची, आणि दोघी हसायच्या. सात्यांची जागासुद्धा तिनं त्या पोरीला दाखवली होती. मी एवढी वर्षं विचारत होतो, मला दाखवली नाही.

संध्याकाळी दोघी ओसरीवर बसत. पोरगी वाचून दाखवायची, बुडी मध्येच विचारायची, "मंग ते पेशी दिसते कशानं?" मी बाहेरून आलो की दोघी गप्प.

"काय बोलून राह्यल्या होत्या?" मी विचारायचो.

"काई नाई जी. बायकांचं."

चाळीस वर्षांच्या वर जिच्यासोबत जेवलो तिचं बोलणं मी येताच थांबतं आणि एका परक्या पोरीपुढे वाहतं, हे सोसणारा माणूस मला कोणी दाखवावा. मी तिच्याशी भांडायचो ते भाजीत मीठ जास्त झालं म्हणून. भांडणाचं कारण मिठात नव्हतं.

बुडी गेली तेव्हा मुलगा, सून, नात आले. नात रडली. पण ती थकलेली होती, रात्रभर बसमध्ये होती, ती कोपऱ्यात बसून रडली. शेजारची पोरगी मात्र अशी हंबरली की आळीतल्या बाया तिच्याभोवती गोळा झाल्या. एकीनं तिला पाणी पाजलं. एक म्हातारी म्हणाली, "पोट्टीची मायच गेली म्हणा." मी तिथं बाजूलाच बसलो होतो. मला पाणी मागावं लागलं.

मला तेव्हाही वाटलं, हे रडणंसुद्धा हिनं माझ्या घरातून उचललं. माणूस इतका हलका असतो. प्रेत दारात असताना मी मोजून राहिलो होतो की कोण किती रडतं.

मैतीमुळे गावानं सभा पुढं ढकलली. कोणी गेलं तर गाव सभा घेत नाही, आमची रीत आहे. परवाची सभा नवव्या दिवसावर गेली. आणि फीची तारीख होती दहाव्या दिवशी. कॉलेज आमच्या रीतीसाठी थांबणार नव्हतं. तिसऱ्या दिवशी मुलगा-सून-नात चंद्रपूरला गेले, तेरवीला येतो म्हणाले. मी एकटा राहिलो.

सुतकातल्या घरचा माणूस आमच्याकडे सभेत बसत नाही. पण त्याचा होकार कोणी अडवून ठेवत नाही. शेजाऱ्याजवळ निरोप धाडतो, 'आमच्या घरचा हाव समजा', आणि सभेत शेजारी ते सांगतो. झालं. कधी अडचण आली नाही. आता माझी शेजारीण म्हणजे त्या पोरीचीच आई. स्वतःच्या कामासाठी दुसऱ्याच्या घरचा होकार ती कशी सांगणार? म्हणून आठव्या दिवशी ग्रामसभेचे अध्यक्ष स्वतः आले. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान माणूस. कुंपणाबाहेर उभे राहून बोलले.

"भाऊ, उद्या सभा हाय. पोट्टीच्या फीचा इषय हाय. तुमचा हाव सांगून द्या, मी लिहून घेतो."

मी अंगणात बाजेवर बसलो होतो. मी म्हणालो, "मी सुतकात हावो. सुतकात मी कोणत्या इषयावर बोलत नाई."

"बोला नका ना. निसती मान हालवा."

मी मान हलवली नाही.

बायको मेलेल्या माणसाला कोण काय म्हणणार? "ठीक हाय भाऊ," अध्यक्ष म्हणाले आणि गेले. मला पक्कं माहीत होतं मी काय करतो आहे. मी नाही म्हटलं नव्हतं. नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. मी रीतीच्या मागं जाऊन बसलो. रीत चांगली जाड असते, तिच्यामागं बसलेला माणूस दिसत नाही.

नवव्या दिवशी दुपारी सभा झाली. समाजमंदिर माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पावसाची भुरभुर होती, पुकारा ऐकू येत होता. एकेक घर, एकेक 'हाव'. माझ्या घराचं नाव आलं आणि तिथं पाऊसच तेवढा ऐकू आला. मग पुढचं घर. मग बाया उठल्याचा आवाज.

संध्याकाळी, अजून उजेड होता, पोरगी अंगणात आली. कुंपणाबाहेर थांबली नाही, सरळ आत आली.

"सुतक हाय," मी म्हणालो.

"मले काय धाड भरते? मी नऊ दिवसांपासून पाळूनच राह्यली." ती बाजेसमोर उभी राहिली. "आबाजी, तुमी बोलत नाई ना? नका बोलू. आयका फक्त. तुमी मायावर जळता."

गावात एवढी मोठी माणसं, अध्यक्ष, सरपंच, आणि हे मला या एवढ्याशा पोरीनं सांगावं.

"मले आजीनंच सांगतलं होतं," ती म्हणाली. "मी म्हटलं, आजी, मी नाई येत तुया घरी, आबाजीले आवडत नाई. तं आजी म्हणे, येत जा. म्हातारा चुलीवानी हाय. जळते, पण भात शिजवते."

हे बोलणं बुडीचंच होतं. तसंच्या तसं. पोरीनं सांगताना डोकंही तिच्यासारखंच वाकडं केलं.

"असं म्हणे ती?"

"हाव."

"अन् आणखी काय म्हणे?"

पोरगी भांडायला आली होती, ती थबकली. पदर नव्हता तर ओढणीनं नाक पुसलं. "लय म्हणे."

"काय काय? मायाबद्दल?"

"तुमच्याबद्दल, सगळ्याबद्दल. तुमाले लग्नात घोड्यावर बसवलं तं तुमी रडले होते म्हणे."

"खोटं हाय ते. घोडं चावरं होतं."

ती हसली. हसता हसता पुन्हा रडायला लागली. "तुमी नातीले घरी आणलं तं आजी तुमच्यासंगं दोन दिवस बोलली नाई. मले म्हणे, मी त्याच्यावर नाई रुसली. मले भेव वाटते की आता हा माणूस जलमभर सोताले माफ करत नाई, अन् दुसऱ्याच्या अंगावर काढते."

मी विचारलं, "आणखी?"

"एवढ्या दोन वर्साचं बोलणं एका टायमाले थोडी सांगून होते आबाजी?" ती म्हणाली. "आता तसं बी, मी इथीच हावो. नाव कटते उद्या. रोज येऊन सांगन." हे ती टोमणा मारून बोलली आणि गेली.

तिला वाटलं तो टोमणा आहे. मला ती लालूच वाटली.

मी खरं सांगतो. ती गेल्यावर मी बाजेवर बसून हिशोब केला. पोरगी गावात राहिली तर रोज संध्याकाळी इथं येईल. ओसरीवर बसेल. बुडी काय म्हणे ते सांगेल. डोकं वाकडं करून सांगेल. दोन वर्षांच्या बोलण्यातला एकेक घास. मला ज्या बोलण्यापासून उठवून लावलं होतं ते सगळं बोलणं त्या पोरीच्या डोक्यात होतं, आणि जगात आता दुसरीकडं कुठंच नव्हतं. ती ब्रह्मपुरीला गेली की ते सगळं बोलणं जीपमध्ये बसून निघून जाणार. मला काहीच करायचं नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प मी होतोच.

याच्या आधी मी ती पुढं जाते म्हणून जळत होतो. आता ती जवळ राहावी म्हणून जळत होतो. दोन्ही बाजूंनी तिचंच नुकसान होत होतं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की एकदा मी असंच केलं आहे. 'ये घरी' म्हटलं होतं तेव्हा मला नातीची कीव आली होती, असं मी सगळ्यांना सांगत आलो. कीव थोडी होती. घर रिकामं वाटत होतं, हे जास्त होतं. पेटी मी तिच्यासाठी उचलली नव्हती.

ही गोष्ट बुडीला माहीत होती. ती दोन दिवस बोलली नव्हती ते त्यासाठी.

सकाळी मी लवकर उठलो. रोवण्याचे दिवस, लोक उजाडलं की बांध्यांकडे निघतात, आणि एकदा चिखलात उतरले की संध्याकाळशिवाय हाती लागत नाहीत. मी डोक्यावर पोतं घेतलं आणि निघालो. सुतकात मी कोणाच्या अंगणात पाय टाकू शकत नव्हतो, म्हणून रस्त्यावर उभा राहून हाका मारल्या. पहिल्यांदा अध्यक्षांच्या घरी.

ते तोंडात दातवण घेऊन बाहेर आले. "भाऊ? सुतकात कुठी निंगाले?"

"सभा भरवा," मी म्हणालो. "आता. लोकं बांधीत जायच्या आंधी."

"सभा तं कालच झाली ना गा. तुमी बोलत नाई म्हटलं."

"काल नाई बोललो. आज बोलतो. सगळी घरं जमली तं सभा कवाबी भरते."

"अन् सुतक?"

"सुतक बुडीचं हाय. मी बाहेरच उभा राह्यतो, समाजमंदिराचा ओटा नाई बाटवत. तुमी पुकारा फक्त."

त्यांनी दातवण थुंकलं. "सगळ्या घरायले कोण बलावन? पोट्ट्याले धाडतो थांबा."

"कोणाले नका धाडू. मीच जातो."

मग मी सगळी आळी फिरलो. प्रत्येक कुंपणाबाहेर उभा राहून म्हणालो, "घरात कोण हाय? दहा मिनिटं ओट्यावर या." बाया दचकून बाहेर यायच्या. एक म्हातारी म्हणाली, "काय बाप्पा, दुसरी बायको करून राह्यले का काय इतक्या घाईनं?" मी म्हणालो, "तू रिकामी हायेस का?" ती हसली आणि पायात चपला घातल्या. एक-दोघांनी कुरकुर केली, बैल जुंपले आहेत म्हणाले. मी म्हणालो बैल उभे राहतात, कॉलेज उभं राहत नाही. शेजारणीच्या घरापुढं मात्र मी हाक मारली नाही. तिला बाकीच्यांनी सांगितलं.

लोक ओट्यावर जमले, कोणी कमरेला साड्या खोचलेल्या, कोणाच्या खांद्यावर चिखलाचे नांगर. मी रस्त्याच्या पलीकडं विजेच्या खांबाजवळ पावसात उभा राहिलो. अध्यक्षांनी रजिस्टर काढलं आणि विषय वाचला. पुन्हा एकेक घर पुकारलं. काल हाव म्हटलेल्यांनी पुन्हा हाव म्हटलं. मला वाटलं होतं एखादा तरी मला बोलेल, की काल तुझ्यामुळं अडलं. कोणी बोललं नाही.

माझ्या घराचं नाव आलं. मी ओरडून म्हणालो, "हाव." जरा जास्तच जोरात निघालं. पिंपळावरची बगळ्यांची जोडी उडाली. अध्यक्षांनी लिहिलं, चेकबुक काढलं आणि सही केली.

शेजारणीनं माझ्याकडं पाहिलं. तिचं तोंड असं झालं होतं की मला ते पाहवेना. तिची पोरगी पुढं जाणार, तिच्याजवळ फोन येणार, पेढे तिचे. मला अजूनही ते गोड लागणार नव्हते. मी तोंड फिरवून चौकाकडं निघालो.

ब्रह्मपुरीची जीप तिथं भरत होती. थोड्या वेळानं पोरगी पिशवी आणि चेकचं पाकीट घेऊन धावत आली. मला पाहून थांबली. पाया पडायला वाकली, मी मागं सरकलो.

"सुतक हाय," मी म्हणालो.

"हाव, मले माईत हाय."

"आयक. शनवारी येशीन तं पयले माया घरी ये. तुया मायकडं मंग जाजो."

ती हसायला लागली. "काऊन? माय जळन ना मंग तुमच्यावर."

"जळू दे. मी दोन वर्सं जळलो."

ती आत चढली. चालकानं हॉर्न दिला. मी तिला खिडकीतून विचारलं, "आजी मायाबद्दल आणखी काय म्हणे, एक तं सांग."

"शनवारी," ती म्हणाली.

जीप निघाली. मी आमच्या बांधीवर गेलो. पऱ्ह्याचे, म्हणजे धानाच्या रोपांचे, पेंढे काल संध्याकाळपासून बांधावर पडून होते. मजूर आले नव्हते. मी धोतर वर खोचलं, चिखलात उतरलो आणि रोवायला लागलो.